कॉकटेल पक्ष्याच्या अंगाचा वास: पक्ष्याचा, पिंजऱ्याचा की आजाराचा?

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीच्या एका ताईंकडे दीड वर्षाचा कॉकटेल नर आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून त्याच्या मानेजवळ नाक नेलं की बंद कपाटासारखा वास येतो. सासूबाई म्हणतात, हॉलमध्ये पाऊल टाकलं तरी घरात पक्षी आहे हे कळतं. शेजारणीने सांगितलंय, बेबी शॅम्पूने आंघोळ घाला आणि पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये कापराच्या वड्या ठेवा. वड्या ठेवून झाल्या आहेत. ताईंना वास कायमचा घालवायचा उपाय हवाय. बहिणीला पक्षी घ्यायचाय, तर वास न येणारी जात कुठली, हेही विचारलंय. आणि शेवटी एका ओळीत, सासूबाईंना महिनाभर कोरडा खोकला आहे, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का.

ताई, आधी त्या वड्या काढा. पुढचं नंतर वाचा. कापूर पक्ष्याच्या पोटात जाणंही वाईट आणि चोवीस तास त्याची वाफ श्वासात जाणंही वाईट. डांबराच्या गोळ्या तर त्याहून वाईट. शेजारणीचा पुढचा सल्ला तोच असतो, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय, वास कसा घालवू. पण तुम्ही लिहिलंय त्यात मला दोन निरनिराळे वास दिसतात. एक मानेजवळ नाक नेल्यावर येणारा, दुसरा दारातून आत आल्यावर येणारा. कॉकटेलचं वजन असून असून किती, साधारण 80 ते 110 ग्रॅम. एवढ्याशा निरोगी पक्ष्याच्या अंगाचा वास अख्खा हॉल भरून टाकत नाही. तेव्हा सासूबाईंना येतो तो वास बहुधा पक्ष्याचा नाहीच, पिंजऱ्याचा आहे. तुम्हाला मानेजवळ येतो तो पक्ष्याचा आहे, आणि तो घालवायचा नसतो. तो ओळखीचा करून घ्यायचा असतो, कारण पुढे कधी तो बदलला तर तो बदल तुमच्याच लक्षात येणार आहे, माझ्या नाही.

कुठला वास कुठून येतो हे शोधायला वेळ लागत नाही, पण ताजं नाक लागतं. घरात बसलेलं नाक काही मिनिटांतच घरातल्या वासाला सरावतं. म्हणून बाजारातून आलात की हातातली पिशवी खाली ठेवून आधी हेच काम करा. पक्षी तोवर पिंजऱ्याबाहेर, दुसऱ्या खोलीत अर्धा-पाऊण तास बसलेला असू दे. मानेच्या मागच्या पिसांत नाक घाला. मग पंखाखाली. मग शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या बाजूने. मग तो जांभई देईल किंवा शिट्टी मारेल तेव्हा चोचीसमोर. हे झालं की रिकाम्या पिंजऱ्याकडे जा आणि ट्रे, दांड्या, वाट्या, रात्री झाकायचं कापड या सगळ्यांचा एकेक करून वास घ्या. ते कापड हमखास विसरलं जातं. महिनोन्‌महिने न धुतलेलं, धूळ आणि दमटपणा प्यालेलं कापड रोज रात्री पक्ष्यावरच घातलं जातं आणि सकाळी लोक म्हणतात, पक्ष्याला वास येतो.

पक्ष्याच्या अंगाचा वास मुळात येतो कशाने? पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे आपल्या किंवा कुत्र्याच्या अंगाला येतो तसला वास त्यांना येत नाही. त्यांच्याकडे मुख्यतः दोन गोष्टी असतात, भुकटी आणि तेल.

भुकटी आधी, कारण तुमच्याकडे कॉकटेल आहे. कॉकटेल हा काकाकुव्याच्या घराण्यातला, आणि हे घराणं धुळीसाठी प्रसिद्ध आहे. यांच्या दोन्ही कुशींवर, मांड्यांच्या वरच्या बाजूला काही वेगळी, मऊ पिसं असतात. त्यांची टोकं सतत झिजत राहतात आणि त्या झिजेची पांढरी, अगदी बारीक भुकटी होते. पक्षी चोचीने ती अंगभर फिरवतो. पिसं कोरडी, स्वच्छ आणि पाणी झटकणारी राहायला तिची मदत होते. काळा टी-शर्ट घालून कॉकटेलला खांद्यावर बसवलंत की उठताना जो पांढुरका शिक्का राहतो तो हाच. आंघोळीनंतर वाटीतल्या पाण्यावर एक पातळ, राखेसारखा थर तरंगताना दिसेल, तोही हाच. या भुकटीला स्वतःचा मंद, कोरडा वास असतो. कुणाला तो टाल्कम पावडरीचा वाटतो, कुणाला जुन्या पुस्तकांचा. तुम्हाला तो बंद कपाटाचा वाटतोय. आफ्रिकन ग्रे पोपटालाही अशी भरपूर भुकटी असते, त्यामुळे ग्रे पाळणाऱ्यांच्या टीव्हीवरही कायम पांढरा थर असतो.

दुसरं तेल. शेपटीच्या मुळाशी पाठीकडून पिसांवर हलकेच फुंकर घातलीत तर एक छोटा पिवळसर उंचवटा दिसेल. त्याच्या टोकाला पिसांचा इवलासा झुबका असतो. ही तैलग्रंथी. पक्षी मान मागे वळवून तिथे चोच घासतो आणि मग ते तेल पिसांना लावतो. तुम्ही हे रोज बघत असाल, फक्त तो खाजवतोय असं वाटत असेल. या तेलात मेणासारखे पदार्थ असतात आणि जातीनुसार, नर-मादीनुसार, ऋतूनुसार त्यांचं मिश्रण बदलतं. बजरीगरवर, म्हणजे आपल्याकडे दुकानात सर्रास ‘लव्हबर्ड्‌स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या छोट्या रंगीत पक्ष्यांवर, चिनी संशोधकांनी केलेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. नरांच्या तेलात तीन लांब साखळीची अल्कोहोलं माद्यांपेक्षा बरीच जास्त निघाली, आणि माद्या त्या वासाकडे ओढल्या जातात असं दिसलं. म्हणजे आपण जो वास घालवायला निघतो, तो त्यांच्यात एकमेकांशी बोलण्याचा भाग असू शकतो. पक्ष्यांना वास कळत नाही असं पूर्वी बिनधास्त लिहिलं जायचं, आता तसं कुणी लिहीत नाही.

मात्र सगळं तेलावर ढकलता येत नाही. ॲमेझॉन पोपटांना ही ग्रंथीच नसते, पायोनस जातीच्या पोपटांनाही नसते आणि निळ्या हायसिंथ मकाव पोपटालाही नसते. तरी ॲमेझॉनच्या अंगाला गोडसर, कस्तुरीकडे झुकणारा चांगला ठळक वास येतो. वयात आलेला नर चिडला किंवा खुशीत आला की तो वाढतो, हे तो पाळणारे सगळे सांगतात. पायोनसचंही तसंच. या बाबतीत सगळ्यांवर मात करतो तो न्यूझीलंडचा काकापो, उडता न येणारा, रात्री हिंडणारा जाडजूड पोपट. त्याच्या अंगाचा गोड, दमट वास माणसालाही लांबून येतो. तिथे माणसांनी मांजरं आणि स्टोट नावाचे मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी नेऊन सोडल्यावर त्या वासाने त्याचा घात केला, कारण शिकाऱ्यांना तो अंधारात फक्त नाकाने सापडायचा. हे थोडं विषयांतर झालं, पण ‘माझ्या पोपटालाच का वास येतो’ असं वाटणाऱ्यांना सांगायला बरं पडतं.

तर तुमच्या पक्ष्याचा कपाटासारखा वास त्याच्या जातीला धरून आहे. पण तो नेहमी सारखाच असेल असं नाही. पिसं गळण्याच्या काळात नवीन पिसांवरची वेष्टणं सुटतात आणि अंगावरची धूळ वाढते, तेव्हा तो वाढतो. वयात येताना बदलतो, आणि दीड वर्षाचा कॉकटेल नर वयात आलेलाच असतो. आंघोळ बंद झाली की वाढतो. इथेच तुमचा पावसाळा येतो. लोक थंडी वाजेल म्हणून जून लागला की आंघोळ बंद करतात. हवा दमट, त्यात आंघोळ नाही, खिडक्या बंद, मग भुकटी अंगावरच साचून राहते आणि दमट भुकटीचा वास कोरडीपेक्षा जड लागतो. हाच पक्षी नागपूरच्या एप्रिलमध्ये असता तर तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता.

म्हणून आंघोळ हवी, शॅम्पू नको. बेबी शॅम्पूही नको, कडुनिंबाचं नको, कुत्र्याचं तर नकोच नको. साबण पिसांवरचं तेल आणि भुकटी दोन्ही काढून टाकतो, पिसं पाणी धरून ठेवायला लागतात, पक्षी गारठतो. शिवाय जे मागे राहतं ते तो नंतर चोचीने साफ करताना गिळतो. साधं कोमट किंवा खोलीच्या तापमानाचं पाणी पुरे. आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळी दहा-अकराच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळपर्यंत आतली पिसंही वाळतात. काहींना पसरट ताटलीत उतरायला आवडतं, काहींना फवारा आवडतो. फवारा मारायचा तर नवी बाटली घ्या, काच पुसायच्या द्रावणाची रिकामी झालेली नको. तोंडावर मारू नका, डोक्याच्या वरून मारा म्हणजे थेंब पावसासारखे खाली येतील. आवडलं तर तो पंख पसरून उलटा लोंबकळेल. नाही आवडलं तर कोपऱ्यात जाऊन फिस्कारेल, मग त्या दिवशी सोडून द्या. हेअर ड्रायर लावू नका, काही ड्रायरच्या आतल्या भागांवर नॉनस्टिकचाच लेप असतो, त्याचं पुढे सांगते. भिजलेल्या पक्ष्याला काही काळ जास्तच वास येतो, त्याला घाबरू नका. वाळल्यावर घ्या वास.

आता पिंजरा. हॉलच्या वासाचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं, आणि माझ्या पक्ष्यांच्या दवाखान्यात येणारे लोक म्हणतात, ‘मॅडम, रोज साफ करतो.’ करतात खरे, कागद बदलतात. पण ट्रे बाहेर काढून उलटा करा. त्याच्या मागच्या कडेला, जिथे पत्रा दुमडलेला असतो, तिथे नखाने खरवडा. तपकिरी-काळा, चिकट थर निघेल. त्यात विष्ठा असते, राळ्याची टरफलं असतात, सांडलेलं पाणी असतं, आणि ते सगळं कुजत असतं. पक्ष्याच्या विष्ठेचे तीन भाग असतात: हिरवट गाठ, तिच्याभोवतीचा पांढरा चुन्यासारखा भाग आणि थोडं पाणी. निरोगी कॉकटेलची ताजी विष्ठा नाकाजवळ नेली तरी जवळजवळ वास येत नाही. पण तो पांढरा भाग म्हणजे युरिक ॲसिड. ते ओलं राहिलं की जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि दारातून आत येताच सासूबाईंना बोचतो तो हा. कोरड्या हवेत विष्ठा तासाभरात वाळून खडखडीत होते. डोंबिवलीच्या जुलैत ती दुसऱ्या दिवशीही ओलसर असते. म्हणजे उन्हाळ्यात पुरत होती तेवढी साफसफाई पावसाळ्यात पुरणार नाही. कागद दिवसातून दोनदा बदला. ट्रे आणि खालची जाळी दर दोन-तीन दिवसांनी गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच लावा. चिवट थरावर पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून टाकलं की तो सुटतो. फिनाईल नको. ब्लीच वापरायचंच असेल तर पातळ करून, पक्ष्यापासून लांब, बाल्कनीत, आणि व्हिनेगरबरोबर कधीही नाही, दोन्ही मिसळले की विषारी वायू होतो. ट्रेमध्ये लाकडाचा भुसा घालू नका. ओला झाला की त्यात बुरशी धरते आणि ती दिसत नाही. वर्तमानपत्राचा कागद सगळ्यात बरा, कारण त्याच्यावर विष्ठा दिसते, मोजता येते, रंग कळतो.

दांड्या लाकडाच्या असतील तर त्यांच्या खाचांत वास मुरतो. दोन जोड ठेवा, एक वापरात, एक वाळत. पेरूची फांदी उत्तम, पाहिजे तेव्हा नवी लावता येते. कण्हेरीची चुकूनही नको, ती विषारी असते.

आणि वाट्या. भिजवलेले मूग, मोड आलेली मटकी, फळांचे तुकडे हे सगळं चांगलंच आहे, पण पावसाळी दमट हवेत ते दोन-तीन तासांत आंबायला लागतं. सकाळी ऑफिसला जाताना ठेवून संध्याकाळी काढणं ही घराघरातली पद्धत. त्यापेक्षा ओलं खाणं तुम्ही समोर असाल तेव्हा द्या आणि उरलेलं उचला. दिवसभर ठेवायचं ते सुकं. सुक्या दाण्याचाही एकदा वास घ्या. राळा आणि सूर्यफुलाचं बी पाच किलोच्या पिशवीत स्वस्त पडतं म्हणून आणतात आणि पावसाळ्यात ते तळाशी दमट होतं. मूठभर दाणे हातात घेऊन तोंडाची वाफ सोडा आणि हुंगा. कुबट वास आला तर फेकून द्या, ऊन दाखवून वापरू नका. बुरशी मरते की नाही हा प्रश्नच नाही, तिने सोडलेलं विष उन्हाने जात नाही. शेंगदाण्यांच्या बाबतीत तर जास्तच जपा.

उदबत्ती, धूप, लोबान, रूम फ्रेशनर, सुगंधी मेणबत्त्या, डासांची कॉइल याबद्दल सगळ्यांनाच सांगावं लागतं, कारण वास झाकायला म्हणून माणसं याच गोष्टी पिंजऱ्याशेजारी लावतात. पक्ष्याची श्वसनसंस्था आपल्यापेक्षा वेगळी असते. फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, श्वास आत घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा ताजी हवा रक्ताजवळून जाते. उडायला लागणारा प्राणवायू त्यामुळे मिळतो, पण हवेत जे काही वाईट असेल तेही तितक्याच जोमाने रक्तात जातं. कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी याच कारणासाठी नेत असत. सर्वांत घातक नॉनस्टिकचा धूर. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला आणि तापमान 280 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की त्याचा लेप विघटित होऊन निघणारा वायू पक्ष्याला मिनिटांत मारू शकतो. माणसाला त्याचा वासही धड येत नाही. तुमचं किचन हॉलला लागून असेल, तर डोश्याचा तवा बिडाचा घ्या.

पूजा बंद करा असं मी कुणाला सांगत नाही. गणपतीत पाच-दहा दिवस घरात धूप, कापूर, दोन वेळची आरती चालणारच. त्या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत न्या, दार लावा, खिडकी उघडी ठेवा आणि आरतीनंतर हॉलमधला धूर पूर्ण गेल्यावरच पक्षी बाहेर आणा. झांजांच्या आवाजापासूनही तो लांब राहतो, हा वरचा फायदा.

आता कुठल्या वासाला घाबरायचं ते. पहिला, तोंडाचा आंबट वास. चोचीसमोर नाक नेल्यावर आंबलेल्या पिठासारखा वास आला, तर गळ्याखालची दाण्याची पिशवी, जिला आम्ही क्रॉप म्हणतो, ती रिकामी होत नाहीये किंवा तिथे यीस्ट वाढलंय अशी शंका घ्यायची. सोबत डोक्यावरची पिसं चिकट दिसत असतील, तर तो मान झटकून ओकतोय असं समजा आणि त्याच दिवशी दाखवा. नर कॉकटेल लाडात येऊनही आरशासमोर दाणे ओकतो, पण तो टवटवीत असतो आणि दाणे नीट एका जागी टाकतो. आजारी पक्षी मान झटकून इकडेतिकडे उडवतो. दुसरा, ताज्या विष्ठेची दुर्गंधी. रात्रभराची सकाळची पहिली विष्ठा मोठी असते आणि अंड्यावर बसलेली मादी तर बराच वेळ रोखून मोठी, घाण वासाची विष्ठा करते, ते ठीक आहे. तुमच्या नराची दुपारची विष्ठा नाक मुरडायला लावत असेल, गुदद्वाराजवळची पिसं माखलेली असतील, तर आतड्यात नको ते जिवाणू वाढले असू शकतात. तिसरा, नाकपुड्यांजवळचा कुजका वास, बरोबर शिंका किंवा एका नाकपुडीला खपली.

तिसऱ्याचं मूळ अनेकदा खाण्यात असतं. केवळ सूर्यफूल आणि राळ्यावर वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं. त्याने तोंडातलं आणि नाकातलं अस्तर खरखरीत होतं, तिथे गाठी होतात, त्यात पू होतो. तैलग्रंथीचं तोंडही बुजू शकतं. वास हा तिथे शेवटी येतो, आधी महिनोन्‌महिने बाकी सगळं बिघडत असतं. म्हणून गाजर किसून, लाल भोपळा वाफवून, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी रोज थोडी द्या. पहिले काही आठवडे तो ढुंकून बघणार नाही. तुम्ही त्याच्यासमोर खाल्लंत तर लवकर बघेल. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा-लसूण नको.

एक स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणून दर आठवड्याला, सकाळी खाण्याआधी वजन लिहून ठेवलंत तर नाकापेक्षा लवकर कळेल. आजारी पक्षी आजार लपवतो. पिसं फुगवलेली असल्यामुळे रोडावलेला पक्षीही गुबगुबीत दिसतो. वजन उतरलं आणि वास बदलला, दोन्ही एकदम झालं, तर उद्यावर टाकू नका. डॉक्टरकडे येताना ट्रेमधला कागद धुवून-पुसून आणू नका, आहे तसाच आणा. लोक लाजेखातर पिंजरा चकाचक करून आणतात आणि मला बघायचं असतं तेच कचऱ्यात गेलेलं असतं.

बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. अजिबात वास नसलेला पोपट नसतो, कमी धुळीचा असतो. बजरीगर आणि छोटे कन्यूर पोपट कॉकटेलपेक्षा धूळ कमी करतात. काकाकुवा आणि ग्रे त्या बाबतीत सर्वांत वाईट. शिवाय ग्रे, मकाव, कन्यूर अशा साइट्‌स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीतल्या परदेशी पक्ष्यांची केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, 2024 च्या नियमांनुसार. कॉकटेल आणि बजरीगर त्या यादीत नाहीत. आणि गळ्यात कंठ असलेला आपला हिरवा पोपट, कितीही स्वस्त मिळाला, कितीही ‘मिठू मिठू’ बोलला तरी घेऊ नये. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, तो पाळणं गुन्हा आहे.

सासूबाईंचा खोकला तुम्ही सगळ्यात शेवटी, एका ओळीत लिहिलात. मी तो पहिला ठेवला असता. कॉकटेलच्या भुकटीत आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीत प्रथिनं असतात. काही माणसांच्या फुप्फुसांना त्यांचं वावडं होतं आणि आत सूज येते. कोरडा खोकला, जिना चढताना लागणारा दम, कधी बारीक ताप, आणि गावाला गेलं की बरं वाटणं ही त्याची चाल. दुर्लक्ष झालं तर फुप्फुसावर कायमचे व्रण राहू शकतात. दुसरी शक्यता सिटॅकोसिसची, म्हणजे पोपटांकडून माणसाला होणारा जिवाणूंचा संसर्ग. त्यात ताप आणि डोकेदुखी असते आणि योग्य प्रतिजैविकाने तो बरा होतो. यातलं काही आहे की साधा पावसाळी खोकला आहे हे मी इथून सांगू शकत नाही आणि पक्ष्यांच्या डॉक्टरने सांगूही नये. त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि आत गेल्यावर पहिल्या वाक्यात सांगा की घरात कॉकटेल आहे, तो हॉलमध्ये असतो आणि इतक्या महिन्यांपासून आहे. हे आपणहून सांगितलं नाही तर बहुतेक कुणी विचारत नाही, आणि मग खोकल्याची औषधं बदलत राहतात.

तोवर पिंजरा सासूबाई झोपतात-बसतात त्या खोलीतून हलवा. पिंजऱ्याभोवती केरसुणी मारू नका, ती धूळ हवेत उडवते. ओल्या फडक्याने पुसा, आणि ते काम त्यांनी करू नये. हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचं तर हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचं घ्या, आयोनायझर किंवा ओझोन सोडणारं नको, ओझोन पक्ष्यालाही लागतो आणि खोकणाऱ्या माणसालाही. आंघोळ सुरू केलीत की हवेतली भुकटीही कमी होईल.

डॉक्टरांनी तपासून पक्षी घरात नकोच म्हटलं, तर तो दुसऱ्या चांगल्या घरी द्यावा लागेल, तिथे वाद घालू नका. कॉकटेल पंधरा-वीस वर्षं जगतो, त्याला घर मिळतं. खिडकी उघडून सोडून देऊ नका. तो ऑस्ट्रेलियातला पक्षी, इथे पिंजऱ्यात जन्मलेला, त्याला ना दाणा शोधता येतो ना कावळ्यापासून पळता येतं. आणि पक्षी गेल्यावरही गादी, पडदे, सोफा, पंख्याची पाती यांवर ती भुकटी महिनोन्‌महिने राहते. तेव्हा पडदे धुवा, पंखे पुसा, सोफ्याची कव्हरं बदला, आणि तेवढे दिवस सासूबाईंना नणंदेकडे राहू द्या.